पाच तारखेचा ग्राहक

१

पत्र आलं तेव्हा पसारेवाली झाकणं लावत होती. बावीस डबे आणि तेवीस झाकणं. ते जास्तीचं झाकण कुठल्या डब्याचं, यावर तिचा अख्खा व्हिडिओ उभा होता. फोन ट्रायपॉडवर, दिवा डोक्यावर, आणि समोर ती, ‘आता आपण काय करू या’ म्हणत. मध्येच फोनवर पत्राची खूण चमकली. तिने व्हिडिओ थांबवला, पत्र उघडून वाचलं, पुन्हा व्हिडिओ सुरू केला आणि म्हणाली, “तर हे झाकण.”

पत्रात तिच्यावर लबाडीचा आळ होता. तिला काहीच वाटलं नाही. नवरा गेल्यापासून आठ महिने तिला कशाचंच काही वाटत नव्हतं, मग एका पत्राने असे काय दिवे लावले असते!

धंदा सांगायचा तर सोपा. ‘आमचा पसारा’ नावाचं तिचं चॅनेल. एखादा खण, एखादं कपाट ओतायचं, आवरायचं, आणि आवरताना जे जे वापरलं त्याची लिंक व्हिडिओखाली द्यायची. बघणाऱ्याने लिंक दाबून मोठ्या ऑनलाइन दुकानातून वस्तू घेतली, की दुकान शंभरामागे सात तिच्या खात्यात टाकणार. यावर घराचं भाडं निघत होतं. लिफ्ट दुरुस्तीत असलेल्या नवऱ्याचा पगार थांबल्यावर तर यावरच निघत होतं. व्हिडिओ कापून जोडायला एक मुलगा यायचा, सगळे त्याला दाढीच म्हणायचे. त्याने तिचं नाव पसारेवाली पाडलं, आणि ते चिकटलं.

रविवारी नणंद आली. नवऱ्याची ही थोरली बहीण विमा कंपनीत दावे तपासायची. गोदाम जळालं म्हणणाऱ्यांच्या गोदामात राख हुंगत फिरणं हे तिचं काम. घरी आली तरी ती आधी कोपरे बघायची, मग माणसं. टेबलावरच्या फोनवर ते पत्र उघडंच होतं.

“हे काय गं?” ती म्हणाली. “‘गेल्या वर्षभरात आपल्या लिंकवरून झालेल्या बहात्तर ऑर्डरी आपल्याच घरच्या व्यक्तीने केल्या आहेत. नियमांनुसार हे चालत नाही. सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा आपले खाते कायमचे बंद.’ हे आलंय कधी?”

“परवा.”

“परवा! आणि तू मला आज चहा विचारतेयस?”

“साखर किती?”

नणंदेने कपाळाला हात लावला. “तू घेतलंस का हे सगळं? खरं सांग.”

“नाही.”

“मग कोणी?”

“माहीत नाही, ताई. शोधायला पाहिजे, तेवढं कळतंय. पण उठवत नाही.”

“उठू नकोस, मी उठते. खातं बंद पडलं तर भाडं कुठून देणार? तुझ्या भावाच्या हॉलमधल्या सोफ्यावर झोपायला जाणारेस?”

पसारेवालीने मान हलवली. त्या सोफ्याचा विचार तिने केला होता. तिथे उशी कुठली मिळेल इथपर्यंत केला होता. हे घर सोडायचं म्हणजे तो जिथे बसायचा ती खिडकी सोडायची, हे तिला कळत होतं; फक्त ते कुठे दुखत नव्हतं, आणि त्याचीच तिला भीती वाटायची.

पत्राला एक यादी जोडली होती. नणंदेने चष्मा चढवला. तारीख, वेळ, वस्तू, आणि शेवटी एक चिंचोळा रकाना, त्यात कसल्यातरी जुन्याच तारखा. तिचं बोट वेळेच्या रकान्यावरून खाली उतरत गेलं आणि थांबलं.

“दर महिन्याची पाच तारीख. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. दर वेळी सहा वस्तू, आणि त्याच सहा. भांड्यांचा साबण, हाताचा साबण, कचऱ्याच्या पिशव्या, कॉफी, नॅपकिन, दाढीची पाती. तुझे ते महागडे ट्रे नाहीत, रॅक नाहीत. चोर मोठा काटकसरी दिसतो.” तिने चष्मा काढला. “घरचे पासवर्ड आणि कार्ड कोणाकोणाला माहीत आहेत?”

“दाढीला. सामान मागवावं लागतं ना.”

“आणखी?”

“भावोजींना. यांचा फोन त्यांच्याकडेच आहे.”

म्हणजे नणंदेचा सख्खा धाकटा भाऊ. नणंदेने चहा एका दमात संपवला.

२

दाढी सोमवारी दहाला आला, नेहमीसारखा हेडफोन गळ्यात घालून. आपल्या खुर्चीत नणंद बसलेली बघून त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

“बस,” ती म्हणाली. “वहिनींच्या कमिशनमधला तुझा वाटा किती?”

“दहावा हिस्सा.”

“म्हणजे ऑर्डरी वाढल्या की तुझेही वाढतात.”

“ताई, सरळ विचारा ना. मी केल्या का? नाही केल्या. पण दिसत होत्या मला.” त्याने दाढीतून हात फिरवला. “दर पाच तारखेला एकदम सहा. आंधळ्यालाही दिसतील.”

“आणि गप्प बसलास?”

“मला वाटलं, वहिनीच घेतात.”

पसारेवालीने प्रथमच मान वर केली. “मी?”

“हो. दादा गेल्यावर तुम्ही एकदा दिवसभर एकच खण आवरत होतात. आवरायचा, ओतायचा, पुन्हा आवरायचा. मी कॅमेरा बंद करून घरी गेलो होतो, आठवतंय? तेव्हा म्हटलं, माणूस साबण मागवून जगत असेल तर मागवू दे बापडं. कोणत्या तोंडाने विचारणार होतो? आणि उगाच साधू कशाला बनू, माझा दहावा हिस्साही त्यात होताच.”

“खोटं बोलायला तुला जमत नाही, हे बरं आहे,” नणंद म्हणाली. “आता डोकं चालव. या ऑर्डरींत तुला आणखी काय खटकलं?”

दाढीने लॅपटॉप ओढला. “क्लिक. कोणी लिंक दाबली की माझ्या तक्त्यात त्या दिवशी एक क्लिक पडतो, मग ऑर्डर पडते. बाकी सगळ्यांचं तसंच आहे. पण पाच तारखेला सहा ऑर्डरी पडतात आणि क्लिक एकही नाही. एकाही महिन्यात नाही.”

“म्हणजे दार वाजलं नाही, कडी निघाली नाही, आणि माणूस आत.”

“तसंच. मी म्हटलं, दुकानाचा काही घोळ असेल.”

“घोळ दर महिन्याला घड्याळ लावून उठत नाही रे.”

दाढी उठला, दारापर्यंत गेला आणि परत फिरला. पसारेवालीकडे न बघता तो म्हणाला, “ताई, मला बोलायचं नव्हतं. पण दादांचा फोन चालू आहे. मागच्या आठवड्यात मी चुकून त्यांचा नंबर लावला. रिंग गेली.”

पसारेवालीच्या हातातला चमचा खाली पडला. तो तिने उचलला नाही.

३

दिराचं चष्म्याचं दुकान. काचेच्या कपाटांतून शंभर चष्मे बघत होते, आणि त्यांच्यामधून धाकटा बघत होता, हसतमुख.

“ताई! वहिनी! दोघी एकदम? डोळे तपासायचेत का?”

“तुझेच तपासायला आलोय,” नणंद म्हणाली. “दादाचा फोन कुठे आहे?”

“घरी. कपाटात. बंद करून ठेवलाय कधीचा.”

“कधीचा?”

“तेव्हापासूनच. त्याचं लॉक कोणाला उघडता येतंय?”

नणंदेने पर्समधून स्वतःचा फोन काढला आणि गेलेल्या भावाचा नंबर लावला. आठ महिन्यांत तिने तो लावला नव्हता. बोट जरा अडखळलं. काउंटरच्या आत, धाकट्याच्या खिशात काहीतरी गुरगुरलं.

फोन गुरगुरत राहिला. मग कोणी उचलत नाही म्हणून नणंदेच्या फोनमधून आधी साठवलेला निरोप वाजला, घाईतला, थोडा हसरा: “मी लिफ्टच्या खड्ड्यात आहे, वर आलो की करतो.”

पसारेवालीने काउंटरची कड घट्ट धरली. त्याचा आवाज होता. तिला वाटलं, आता आपल्याला काहीतरी होईल. काही झालं नाही. फक्त कान गार पडले.

धाकट्याचं हसू कधीच उतरलं होतं. “मी चार्ज करतो त्याला,” तो म्हणाला. “रिचार्जही मारतो. उघडता येत नाही, पण माझ्या फोनवरून लावला की हे ऐकू येतं. नंबर बंद पडला तर हेही जाईल ना. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, वेडा झालाय.”

“वेडा झालायसच,” नणंद म्हणाली. “त्याच्यावर दुकानाचे मेसेज येतात?”

“येतात ना. महिन्याच्या सुरुवातीला. जाहिराती असतात, मी न वाचताच पुसतो.” तो वहिनीकडे वळला. “वहिनी, काय झालंय? मी काही केलं का?”

“माहीत नाही, भावोजी,” ती म्हणाली. ते खरंच होतं. तिला वाटत होतं की त्याने केलं असलं तरी आपण त्याच्यावर रागावू शकणार नाही, कारण रागावायला लागतं ते आतलं सामानच संपलंय.

नणंदेने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. “आज तीन तारीख. परवा सकाळी पावणेसहाला दोघेही वहिनीकडे यायचं. तू आणि दाढी. तो फोन घेऊन.”

“इतक्या सकाळी कशाला?”

“चोर रंगेहाथ पकडायला. फक्त हात कोणाचे, ते बघू.”

४

पाच तारखेला सहाला टेबलाभोवती चौघं बसली होती. लॅपटॉप बंद करून फ्रिजवर ठेवला होता. सगळ्यांचे फोन नणंदेने एका पातेल्यात घालून झाकण लावलं होतं. नवऱ्याचा फोन तेवढा टेबलाच्या मधोमध, काळा, गप्प.

“हात टेबलावर. दहाही बोटं दिसली पाहिजेत.”

“ताई, माझं नाक खाजवतंय,” दाढी म्हणाला.

“खाजवू दे.”

सहा वाजून आठ झाले. नऊ झाले. पसारेवाली समोरच्या हातांकडे बघत होती. धाकट्याची नखं अगदी यांच्यासारखी होती, रुंद आणि चपटी. तिच्या लक्षात कसं आलं नव्हतं? खरं तर आठ महिने तिने कोणाकडे नीट बघितलंच नव्हतं.

दहा झाले. फोन उजळला. कोणाचंही बोट हललं नव्हतं.

नणंदेने वाचलं. वर तिच्या गेलेल्या भावाचं नाव होतं, आणि खाली: “आपली ऑर्डर घेतली आहे. वस्तू सहा. पत्ता: लिफ्ट वर्कशॉप.”

“आई गं!” दाढी ओरडला आणि खुर्चीसकट मागे सरकला. धाकटा पांढराफटक पडला.

“भूतबीत काही नाही, बसा खाली,” नणंद म्हणाली. तिने यादी पसरली. “हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. आम्हाला शिकवतात, आग लागली की आधी विचारा, घरात काय जळलं नाही. हे बघा. तो गेला तीन तारखेला. पाच तारखेला सकाळी सहा दहाला आपण कुठे होतो? धाकट्या, तू जिन्यात बसला होतास. मी दिवसभर वेगवेगळ्या चपला घालून फिरले. हिला तर आपण दोघांनी धरून बसवलं होतं. आणि त्या दिवशीही सहा वस्तू मागवल्या गेल्या, त्याच, तेवढ्याच, त्याच मिनिटाला. त्या आठवड्यात या घरातलं प्रत्येक माणूस बदललं. हा ग्राहक तेवढा जसाच्या तसा राहिला. म्हणजे जिवंत असलेलं आपल्यातलं कोणीच तो नाही.”

“मग?” पसारेवालीने विचारलं.

“वस्तू बघ. सगळ्या संपणाऱ्या. अशा वस्तूंना दुकानात एक सोय असते, ‘दरमहा आपोआप’. एकदा सांगून ठेवलं की बंद करा म्हणेपर्यंत दुकान पाठवत राहतं. एकदाच लिंक दाबायची. म्हणून पुढे क्लिक नाहीत. आणि तो क्लिक कधीचा, ते हा शेवटचा रकाना सांगतोय. आपण याच्याकडे बघितलंच नाही. बहात्तरच्या बहात्तर ओळींत चौदा महिन्यांपूर्वीच्या तीनच तारखा आहेत. तेव्हा काय झालं होतं?”

पसारेवालीला ते लगेच आठवलं आणि ती सांगत गेली. चौदा महिन्यांपूर्वी तिने ट्रायपॉड घडी करून माळ्यावर टाकला होता. म्हणाली होती, तीन महिने झाले, कोणी काडीसुद्धा घेत नाही, बंद करते हे थेर. तो जेवत होता. म्हणाला, एक महिना थांब. पुढच्या पाच तारखेला एकदम सहा ऑर्डरी आल्या, आणि ती घरभर नाचली होती. तो नुसता म्हणाला होता, “बघ, घेतात लोक.”

“मठ्ठ आमचा दादा,” धाकटा रडत म्हणाला. “अरे, शंभराचं घेऊन सात मिळवायचे!”

“पैसे कुठून जात होते?” दाढीने विचारलं.

“दोघांच्या नावाच्या खात्यातून, दुसरं काय?” नणंद पसारेवालीकडे वळली. “बँकेला कळवलंस का, तो गेल्याचं?”

पसारेवाली टेबलावरची यादी सरळ करत बसली.

“बँकेची पाकिटं कुठे आहेत?”

पसारेवालीने टेबलाखालचा खण दाखवला. नणंदेने ओढला तर तो निघेना. जगाचे खण आवरणाऱ्या बाईच्या त्या एका खणात आठ महिन्यांची पाकिटं, न फोडलेली, कोंबून कोंबून भरली होती. सगळी त्याच्या नावाची. “फोडली असती तर त्यांना कळवावं लागलं असतं,” ती म्हणाली. “म्हणून ठेवली.” मग तिने विचारलं, “ताई, म्हणजे कोणीच घेत नव्हतं का? सगळं हेच घेत होते?”

ते विचारताना तिचा आवाज बदलला होता. दाढीने न सांगता फ्रिजवरचा लॅपटॉप काढला आणि तक्त्यातून त्या सहा ओळी वगळत गेला. “पहिला महिना, सात ऑर्डरी. सहा दादांच्या. दुसरा, अकरा. चौथा, चाळीस. मागच्या महिन्यात तीनशे एकेचाळीस, त्यात सहा त्यांच्या. बाकी सगळी माणसं, वहिनी. खरी. अनोळखी.”

“पहिल्या महिन्यातला तो सातवा कोण?”

नणंदेने घसा खाकरला. “मी. आणि डोळे वटारू नका, मी या घरात राहत नाही. नियमात बसतं.”

५

लिफ्ट दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये ग्रीसचा वास होता, त्याच्या शर्टांना यायचा तोच. स्टोअरकीपर, साठीकडे झुकलेला माणूस, दोघींना बघून उठला आणि काही न विचारता मागच्या खोलीचं दार उघडलं. खोके भिंतीला लावून रचले होते, महिन्यामहिन्याने, प्रत्येकावर खडूने तारीख.

“तो होता तेव्हा हे सगळं आम्हाला वाटून टाकायचा,” स्टोअरकीपर म्हणाला. “सांगायचा, बायको मोठ्या कंपन्यांच्या वस्तू तपासते, फुकट येतात, न्या घरी. आम्ही चेष्टा करायचो, तुझ्या बायकोच्या साबणाने वर्कशॉप धुतलं म्हणून. तो गेल्यावरही खोके येत राहिले. परत पाठवायचे तर कागदावर शेरा लिहावा लागतो, घेणारा का घेत नाही म्हणून. माझ्याच्याने ते लिहवेना. तुमच्याकडे आणून द्यायलाही जीव होईना. चुकलंच माझं.”

“नाही चुकलं,” पसारेवाली म्हणाली. “मीही पाकिटं फोडली नाहीत.”

कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर नवरा जेवणाच्या सुट्टीत बसायचा. ऑनलाइन दुकानातलं त्याचं खातं तिथे अजून उघडंच होतं. नणंद म्हणाली, “या सहाही ऑर्डरी बंद करायच्या, पावती काढायची, त्याचा मृत्यूचा दाखला जोडायचा आणि खुलासा पाठवायचा. मी असा दावा एका सहीत पास केला असता. तेही करतील. सरक, मी करते.”

“नको. मीच करते.”

पहिली ओळ भांड्यांच्या साबणाची. तिने ‘बंद करा’ दाबलं. पडद्यावर प्रश्न आला: आपण ही वस्तू का बंद करत आहात? खाली पर्याय होते. दुसरीकडे स्वस्त मिळते. दर्जा आवडला नाही. खूप साठा झाला आहे. इतर.

नणंद मागून म्हणाली, “साठा झाला आहे दाब. खोटं नाही ते.”

पसारेवालीने ‘इतर’ दाबलं. एक रिकामी चौकट उघडली. आठ महिन्यांत तिने हे बँकेला सांगितलं नव्हतं, घरमालकाला सांगितलं नव्हतं, हजारो बघणाऱ्यांना सांगितलं नव्हतं; त्यांच्यासमोर ती अजून ‘आमच्याकडे’ म्हणत होती. तिने एका बोटाने टाइप केलं: माझा नवरा वारला.

पडद्यावर आलं: “अभिप्रायाबद्दल धन्यवाद! आपल्याला अधिक चांगली सेवा देण्याचा आम्ही प्रयत्न करू.”

नणंदेच्या तोंडून फस्सकन हसू फुटलं. पसारेवालीही हसली, आणि हसता हसता दुसरी ओळ उघडली. पुन्हा तोच प्रश्न, तेच पर्याय, तीच रिकामी चौकट.

“अगं, वरचंच उचलून खाली टाक,” नणंद म्हणाली. “परत परत कशाला लिहितेस?”

“लिहू द्या.”

माझा नवरा वारला, तिने दुसऱ्यांदा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिताना बोटं चुकायला लागली. चौथ्यांदा तिला अक्षरं दिसेनात, ती डोळे पुसायची आणि लिहायची. पाचव्यांदा तिच्या घशातून आवाज निघाला, मोठा, तिला स्वतःलाच अनोळखी, आणि बाहेर चाललेली ठोकाठोकी थांबली. सहावी ओळ तिने तशीच, मोठ्याने रडत, पूर्ण लिहिली. नणंदेने तिला गप्प केलं नाही. ती तिच्या शेजारी खोक्यावर बसली, आणि स्टोअरकीपरने बाहेर जाऊन शटर अर्धं खाली ओढलं.